सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन कोकणातली छोटी संग्रहालयं बघावीत का?

सुरंगीचा_गजरा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस रत्नागिरी-गणपतीपुळे ठरलंय. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची आणि सासूबाई, वय ७९. नवऱ्याचं म्हणणं समुद्र, देऊळ, मोदक आणि परत. मला मात्र मनापासून वाटतंय की या वेळी एकदोन संग्रहालयं बघावीत, कारण सासूबाई मूळच्या संगमेश्वरकडच्या, त्यांचं माहेरचं घर विकून पंचवीस वर्षं झाली आणि मुलांनी माजघर, पडवी, खळं हे शब्द फक्त त्यांच्या तोंडून ऐकलेत, बघितलेलं काहीच नाही.
पण गेल्या वर्षी एका छोट्या संग्रहालयात (नाव नको) गेलो होतो तिथे फार हिरमोड झाला. आम्ही विचारल्यावर दिवे लावले, पाट्यांवर 'जुने भांडे', 'लाकडी वस्तू' एवढंच, मुलं बारा मिनिटांत बाहेर. म्हणून विचारते, कुठे जावं, आणि मुलं रमतील असं काय करावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात तेही लक्षात घेऊन सांगा.

मांडवी_बंदर
जावंच. रत्नागिरीत थिबा राजवाडा, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा, तिन्ही एका दिवसात आरामात होतात. सहा वर्षांच्या मुलीसाठी देवमासा आधी घ्या, सकाळी ताजी असताना. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बंद असतात.

शेवंती
थिबा राजवाड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. इमारत सुंदर आहे, लाल भिंती, सागवान, वरून खाडीचा वारा. पण माझी मुलं मोठमोठ्या दालनांतून नुसती पळत होती, राजाचं सिंहासन कुठाय, मुकुट कुठाय, असं विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. राजवाडा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काहीतरी असतं.

मांडवी_बंदर
@शेवंती, त्यांना गोष्ट आधी सांगायला हवी, म्हणजे मोकळी दालनं पण बोलतात. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली मंडालेत त्याला पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, तेव्हा तो अजून तिशीतही नव्हता. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षं तो इथे दुसऱ्याच बंगल्यांत राहिला, आणि राजवाड्यात आल्यावर सहा वर्षांत, १९१६ साली गेला. समाधी पण रत्नागिरीतच आहे.
आता खरी गंमत. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. आणि १९०८ ते १९१४ ते कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत आणि त्याच वेळी मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत. माझ्या पुतण्याला नकाशावर दोरा लावून दाखवलं होतं, तो अर्धा तास त्या दोऱ्याकडेच बघत बसला. मग दोन्ही घरं एकाच दिवशी बघितली, सकाळी टिळक आळी आणि दुपारी राजवाडा. त्यानं राजवाड्याच्या गच्चीवरून समुद्राकडे बोट करून विचारलं, "राजाला त्याचं गाव इथून दिसायचं का?" मी म्हटलं नाही रे, आपल्या समोरचा समुद्र पश्चिमेचा आणि त्याचं गाव पार पूर्वेला. "म्हणजे तो उलट्या बाजूला बघत बसायचा?" असं म्हणाला. अजून आठवतं.

शेवंती
बापरे, हा दोरा मला तेव्हा माहीत असता तर! परत जाणार. माझं आधीचं मत मागे घेतलं.

जांभा_दगड
माझं ऐकाल तर बंद खोल्यांत मुलांना नेऊच नका. कातळशिल्पं दाखवा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी बारकी चित्रं. उक्षीला हत्तीभोवती गावकऱ्यांच्या पुढाकाराने गोल कठडा झालाय, वरून नीट दिसतं. कोकणातली ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. याहून जुनं आणि मोठं संग्रहालय कोकणात नाही, छप्पर नाही एवढंच.

कोकमआगळ
@जांभा_दगड, ७९ वर्षांच्या आजी सड्यावर चालणार? ऑक्टोबरच्या उन्हात कातळ तापलेला असतो, चपलेतून चटका बसतो.

जांभा_दगड
तेही खरंच. सकाळी ८ च्या आत किंवा संध्याकाळी. तिरक्या उन्हात रेषा पण जास्त उठून दिसतात. उक्षीला गाडी बरीच जवळ जाते.

उखळ
सुरंगीताई, तुम्ही मुलांना काय दाखवावं विचारलंत, पण मला वाटतं तुमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती म्हणजे सासूबाई. माझा अनुभव लिहिते, लांबेल.
चार वर्षांपूर्वी माझ्या आईला (तेव्हा ८१) घेऊन आम्ही असंच एका लहानशा ठिकाणी गेलो, दोन खोल्या आणि पडवी एवढंच. एका फळीवर मापं मांडलेली, खाली एकच पाटी 'धान्य मोजण्याची मापे'. आई पुढे गेली आणि बोट लावून सांगायला लागली, हे चिपटं, हे मापटं, हा शेर, ही पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माझ्या भाचीला आकडे आवडतात, ती म्हणाली म्हणजे पायलीत सोळा चिपटी. आई म्हणाली, हुशार गो बाय माझी. आणि मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिथल्या काकांना विचारून तिनं रिकामं चिपटं हातात घेतलं, खळ्यात भात मोजताना बाबा कसे मोजायचे ते हवेत माप भरून, वरून तळहात फिरवून, बाजूला ओतून दाखवायला लागली. आणि मोजणी कशी, तर "लाभ... दोन... तीन... चार..." भाची मधेच म्हणाली, आजी एक विसरलीस. आई म्हणाली, पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, घरात पीक आलंय ना.
मी पन्नाशीची बाई, माझ्याच आईच्या तोंडून हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा ऐकला. ८१ वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. सरकारने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आणली, १९६२ पर्यंत जुनी बंदही झाली, त्याबरोबर मोजायची ही रीतही घराघरांतून गेली. तिथले काका वही घेऊन आले आणि आईनं सांगितलेलं सगळं लिहून घेतलं. पुढच्या वेळी गेलो तर फळीवर प्रत्येक मापाखाली वेगळी चिठ्ठी होती. आई आता नाही. चिठ्ठ्या आहेत.

बालवाडी_ताई
उखळ, डोळे भरून आले.

तिठ्यावरचा
खूप सुंदर लिहिलंत. लाभ आमच्याकडेपण म्हणायचे, आजोबा म्हणायचे. आठवणच नव्हती राहिली.

बालवाडी_ताई
मुलांचं सांगते, मी गेली अठरा वर्षं मुलांना सहलीला नेते. सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. सहा वर्षांच्या मुलीला फक्त एक वस्तू निवडायला सांगा आणि तिच्यासमोर खाली बसून चित्र काढू द्या. चित्र काढताना मूल वस्तू दहा मिनिटं बघतं, नाहीतर दहा सेकंदं. ११ वर्षांच्याला वही द्या आणि आजीची मुलाखत घ्यायला सांगा: हे तुमच्या घरात होतं का, कुठे ठेवायचे, कोण वापरायचं, मोडलं की काय करायचे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मोडलेल्या वस्तूच्या गोष्टीत सुतार, कासार, बुरूड सगळे येतात, गावच येतं. एक वस्तू तर हटकून दाखवा, इरलं. बांबूच्या बेळांचा सांगाडा आणि वर पानं, डोक्यावरून पार कमरेखाली. मुलांना वाटतं ही छत्री. मग त्यांना ओणवं व्हायला लावते आणि हातांनी लावणी केल्यासारखं करायला सांगते. आता छत्री धरून लावणी करा बघू म्हटलं की एका क्षणात कळतं इरलं का हवं, दोन्ही हात मोकळे आणि पाठ कोरडी.

कोकमआगळ
गणपतीपुळ्याला जाताच आहात तर मालगुंड सोडू नका, अगदी जवळ आहे. कवी केशवसुतांचं जन्मगाव (कृष्णाजी केशव दामले, १८६६ ते १९०५). कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक केलंय, कौलारू घर आहे, सासूबाईंना बसायला जागा मिळेल, पायऱ्यांचा त्रास नाही. माझे वडील तिथे ओटीवर टेकून तासभर बसले, काही बघितलं नाही, नुसते बसले. म्हणाले सारवणाचा वास आला. गणपतीपुळ्यातच प्राचीन कोकण पण आहे, तिथे बारा बलुतेदारांचे वगैरे माणसाएवढे पुतळे आहेत, गाइड बरोबर फिरून सांगतो, मुलांना आवडतं.

तिठ्यावरचा
मी जरा कडू बोलणार आहे, क्षमा करा. आमच्या घरचा लामणदिवा आणि आजोबांची शाईची दौत-टाक मी एका छोट्या संग्रहालयाला दिली, आनंदाने, मागायलाही कुणी आलं नव्हतं. नऊ वर्षांनी मुलीला घेऊन मोठ्या हौसेने दाखवायला गेलो तर दिवा नाही. विचारलं तर आधीच्या माणसांना माहीत असेल म्हणाले. मुलगी काही बोलली नाही, माझा हात धरून बाहेर आली. पैशाचा प्रश्न नाही हो. तो दिवा माझ्या पणजीच्या लग्नातला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो वस्तू घरातच ठेवा.

चिपळूणची_मी
@तिठ्यावरचा, वाचून फार वाईट वाटलं आणि तुमचा राग अगदी योग्य आहे. पण घरात ठेवा याच्याशी मी सहमत नाही. घरातली किती पितळी भांडी मोडीत गेली, किलोवर विकली गेली, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. देताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात: सहीशिक्क्याची पावती, नोंदवहीतला क्रमांक, आणि तोच क्रमांक वस्तूवर बारीक अक्षरांत कुठेतरी न दिसेलशा जागी लिहिलेला. नोंदीत वस्तूचं नाव, लांबीरुंदी, कुणी दिली, कधी दिली आणि तिची गोष्ट. आणि देण्याआधी स्वतः चारही बाजूंनी फोटो काढा. जिथे नोंदवही दाखवत नाहीत तिथे देऊ नका.
मी चिपळूणची असल्याने आणखी एक सांगते. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, तिथे वस्तुसंग्रहालय पण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाचनालयात पाणी घुसलं, पुष्कळ पुस्तकं भिजली. २००५ च्या जुलैमध्ये पण पूर आलाच होता. पण तेच तर, माणसं परत उभी राहिली, चिखल उपसला. आमच्या घरातली जुनी कागदपत्रं मात्र त्याच पुरात गेली ती गेलीच, कारण घरात एक प्रत, तीही खालच्या कपाटात. कोकणात तसंही चार महिने दमट हवा, लाकडाला वाळवी, कागदाला कसर, पितळेला कळंक. कुणीतरी रोज लक्ष ठेवणारं हवं.

तिठ्यावरचा
@चिपळूणची_मी, नोंदवहीचं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आजोबांच्या मोडी लिपीतल्या दोन वह्या अजून घरात आहेत. आधी फोटो काढतो, मग बघतो.

चिपळूणची_मी
जरूर काढा, प्रत्येक पानाचा. आणि डांबरगोळ्या थेट कागदाला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा.

नाखवा
विषय निघालाच आहे तर विजयदुर्ग विसरू नका. हेलियमचा शोध तिथे लागला, १८ ऑगस्ट १८६८, लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ साहेब किल्ल्यावरून दुर्बीण लावून बसला होता. साहेबाचे कट्टे अजून दाखवतात.

जांभा_दगड
नाखवादादा, विजयदुर्ग मलाही प्राणप्रिय आहे म्हणून स्पष्ट लिहितो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पण त्यात सूर्याचे वर्णपट तपासणारा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना तिथूनच निरीक्षण केलं. मुलांना दोन्ही सांगावं, दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन होतो तेही छानच आहे.

नाखवा
लहानपणापासून तेच ऐकत आलोय, शाळेतही तेच सांगितलेलं. ऑक्टोबरचं माहीत नव्हतं. किल्ला बघायला या मात्र नक्की.

आंबोलीचा_पाऊस
आमच्या सिंधुदुर्गाक कोणी इचारूकच नाय! रत्नागिरीतच फिरतास सगळे. कुडाळजवळ पिंगुळीला या, ठाकर आदिवासी कला आंगण. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलंय. चित्रकथीची जुनी चित्रं, चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, आणि घरचीच माणसं बाहुली हातात घेऊन नाचवून दाखवतात. माझ्या मुलानं बाहुलीची दोरी स्वतः ओढली, घरी येऊन पुठ्ठ्याचा रावण केला, पंख्याला टांगलाय. आणि सावंतवाडीचा राजवाडा, तिथे दरबारात बसून कारागीर गंजिफा रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल, दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण १२०. पत्ते म्हणजे बावन्नच असं समजणाऱ्या मुलांना तिथे न्याच. राणीसाहेब सत्वशीलादेवींनी ही कला मरू दिली नाही.

शेवंती
गोठ्याचं संग्रहालय! हे पुढच्या वर्षी नक्की.

मोगरी
सुरंगी, गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल बरोबर ठेव. माझ्या आईला प्रत्येक दालनात पाच मिनिटं बसवते, सगळ्यांत जास्त तीच बघते. बाथरूम आधी विचारून घे, छोट्या ठिकाणी नसतं कधीकधी. आणि दानपेटीत मुलांच्या हातून पैसे टाकायला लाव, तिकीट दहावीस रुपयांचं असतं, त्यात वीजबिल पण भागत नसेल.

सुरंगीचा_गजरा
मंडळी, कालच परत आलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहिते.
मांडवी_बंदर, दोरा नेला होता. देवमासा, टिळक आळी, राजवाडा याच क्रमाने. मुलगी देवमाशाच्या बरगड्या मोजायला लागली आणि प्रत्येक वेळी चुकून पुन्हा पहिल्यापासून. टिळकांच्या घरात मुलगा म्हणाला आपल्या पुस्तकातला फोटो इथे जन्मला? राजवाड्यात मात्र तो एकदम शांत झाला. वरच्या मजल्यावर उभा राहून हिशोब केला, थिबा आला तेव्हा २७, गेला तेव्हा ५७, म्हणजे "बाबा, तो घरापेक्षा इथेच जास्त राहिला." नवरा, जो फक्त मोदकांसाठी आला होता, तो समाधी बघायला स्वतः म्हणाला.
पण खरं सांगायचंय ते मालगुंडचं. सासूबाई घरात शिरल्या आणि कुणी काही विचारायच्या आत हात भिंतीला लावला. मुलानं बालवाडी_ताईंनी सांगितलेले प्रश्न वहीत लिहून नेलेले. मोडलं की काय करायचे? त्यावर सासूबाई पाऊण तास बोलल्या. सुपाची कड उसवली की बुरूड यायचा, भांड्यांना कल्हई करायला माणूस आला की मुलं भात्याभोवती गोळा व्हायची, नवसागराचा धूर नाकात जायचा, आणि कापसाचा बोळा फिरला की काळं भांडं चांदीसारखं. माझ्या लग्नाला १३ वर्षं झाली, त्यांनी यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं होतं. मुलीने शिंकाळ्याचं चित्र काढलं, त्यात मांजर आहे, खाली बसून वर बघतंय.
आता उखळताई, हे खास तुमच्यासाठी. रात्री हॉटेलवर मी तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. चिपटं-मापटं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे आहे की चिपटं." मी म्हटलं कुठे? तर तांदळाच्या डब्यात. म्हणजे मी गेली १३ वर्षं ज्या पितळी वाटीने रोज तांदूळ घेतेय ती वाटी नाहीच, ते त्यांच्या माहेरचं चिपटं आहे! घर विकलं तेव्हा त्यांनी तेवढी एकच वस्तू पिशवीत टाकून आणली होती. घरी आल्यावर आज सकाळी भात लावताना मुलगी डब्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, आई थांब, मी मोजते. लाभ, दोन.

उखळ
सुरंगीताई... काय लिहू. आईला सांगायला हवं होतं हे.
एक बघा, मापाच्या बाहेरच्या बाजूला किंवा बुडाला शिक्का आहे का? जुन्या मापांवर छाप मारलेला असतो.

तिठ्यावरचा
आणि फोटो काढा, चारही बाजूंनी. सासूबाईंनी सांगितलेलं तारखेसकट लिहून ठेवा.

चिपळूणची_मी
@तिठ्यावरचा 🙏

सुरंगीचा_गजरा
आहे! डबा उपसून आत्ताच बघितलं, बुडाला आहे, घासून घासून पुसट झालाय, उद्या सकाळच्या उन्हात वाचून बघते. मुलगा वही घेऊन बसलाय, पान क्रमांक १, वस्तू: चिपटं, दिलं कुणी: आजी. सासूबाई आतून विचारतायत, चिपटं काढलंस खरं, पण मग उद्या तांदूळ कशाने घेणार? धुऊन परत डब्यात ठेवतेय.